बाटलीवरचं नाव

भरला की फवारणीचा पंप वीस किलोंचा होतो. बेबीताईचं स्वतःचं वजन त्याच्या दुपटीहून थोडंच जास्त. तरी गेली तीन वर्षं तो तिच्याच पाठीवर होता, कारण ज्याच्या पाठीवर तो असायला हवा त्या नवऱ्याचा, रामरावचा उजवा हात चहाचा कपसुद्धा धड धरत नव्हता.

गुरुवार होता. आठ दिवस उघाड पडलेली आणि वावरातून वाफ निघत होती. कापसाची पऱ्हाटी कमरेला लागली होती, पानं उलटून पाहिली की खाली तुडतुडेच तुडतुडे. बेबीताईनं साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवला आणि तोंडाला लेकीची ओढणी बांधली. ओढणीनं विष अडतं असं ज्याला वाटत असेल त्यानं ती फवारणीनंतर एकदा पिळून बघावी.

लेक म्हणजे निकिता. बारावी सायन्स झालेली, वावराच्या कडेला धुऱ्यावर ड्रमपाशी बसून पंप भरून देणारी. दोन पंपांच्या मधे तिनं ओले हात सलवारीला पुसले आणि मोबाइल काढला. सकाळीच प्रवेशाच्या दोन याद्या लागल्या होत्या. एक कृषीची, अकोल्याच्या विद्यापीठाच्या कॉलेजची, जे यवतमाळजवळच होतं. दुसरी नागपूरची, बी.एस्सी. केमिस्ट्री. दोन्हीत तिचं नाव होतं आणि दोन्हीकडे शनिवारी चारच्या आत मूळ कागद जमा करायचे होते.

"माय, दोन्हीकडं लागला नंबर."

बेबीताई पऱ्हाटीच्या तासातून, दोन ओळींच्या मधून, बाहेर आली. पंप न उतरवता तशीच वाकून उभी राहिली. "दोन्हीकडं? मंग आता?"

"एकच घ्या लागते. टीसी एकच असते ना."

"तुले कोन्तं पायजे?"

निकिताला ते खरंच ठरवता येत नव्हतं. कृषी तिला नको होतं असं मुळीच नाही. किडींचं तिला पहिल्यापासून वेड होतं, आणि यवतमाळला राहिलं तर दर रविवारी येऊन मायच्या पाठीवरचा पंप तरी उतरवता आला असता. नागपूर म्हणजे होस्टेल, आणि इथं माय एकटी. पण केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं की तिला एक गोष्ट आठवायची, आणि ती गोष्ट आठवली की बाकी काही सुचायचं नाही.

ती गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. रामराव याच वावरात फवारताना पडला होता. तोंडातून फेस आलेला. काका, म्हणजे रामरावचा धाकटा भाऊ गोपाल, गाडी घेऊन धावत आला आणि त्यानंच यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर सारखे एकच विचारत होते, फवारलं काय? औषधाचं नाव काय? दहावीतली निकिता धुऱ्यावरची रिकामी बाटली घेऊन वॉर्डात पळत गेली. बाटलीवर नाव नव्हतं, साधा कागदही नव्हता. डॉक्टरांनी वास घेतला, चारदा विचारलं आणि शेवटी अंदाजानं इलाज चालू केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी औषध बदललं तेव्हा कुठं रामराव सावरला. हात मात्र गेला तो गेलाच. काका अकरा दिवस दवाखान्यातून हलला नाही. भाऊ असावा तर असा, असं सगळं गाव म्हणालं.

तोच काका आता मोटरसायकल धुऱ्याला लावून येत होता. हातात हिरवट पाण्याची बाटली.

"वहिनी, हे अर्धं झाकन टाका पंपाले. एकाच फवाऱ्यात साफ होते."

निकितानं बाटली फिरवून पाहिली. "नाव काय याचं, काका?"

"नावाचं काय करतं? तुडतुडा नाव इचारून मरते का?" गोपाल स्वतःच हसला. मग म्हणाला, "लिस्ट पाह्यली मी. कृषीले लागला नंबर. उद्या दुपारी जाऊ यवतमाळले, कागद टाकून देऊ."

"नागपूरलेबी लागला."

"तिथं कोन जाऊन राह्यलं?"

बेबीताईनं लेकीच्या हातातली बाटली घेतली आणि धुऱ्यावर ठेवून दिली. झाकण काही उघडलं नाही. गोपालनं ते पाहिलं. "नसन टाकाचं तं नका टाकू. दोनदा फवारा मंग," म्हणाला आणि गाडीला किक मारली. तो गेला, आणि बेबीताई पुन्हा तासात शिरली.

गोपालचं बाभुळगावला रोडवर कृषी केंद्र होतं. औषध-बियाण्याच्या दुकानाला परवाना लागतो, आणि परवान्याला कृषीची डिग्री लागते. गोपाल बारावीला दोनदा बसून दोनदा उठलेला. म्हणून भिंतीवर धर्मपाल नावाच्या दुसऱ्याच माणसाची डिग्री टांगलेली होती आणि खाली गल्ल्यावर गोपाल बसलेला होता. डिग्री एकाची, दुकान दुसऱ्याचं, आणि यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. इतकी वर्षं निकितालाही वाटलं नव्हतं, हे सांगायलाच हवं.

शुक्रवारी सकाळी ती दुकानात गेली. निर्णय झाला नव्हता, पण कागद तरी आपल्या हातात असावेत एवढं तिनं ठरवलं होतं. तिची फाइल जूनमध्ये झेरॉक्स काढायला म्हणून काकानं नेली होती, ती परत आलीच नव्हती. दुकानात पोत्यांच्या मागं लोखंडी कपाट होतं. फाइल त्यात, आणि कपाटाची किल्ली गोपालच्या कमरेच्या करगोट्याला.

"काका, माही फाइल द्या."

"कायले? जाऊन राह्यलो ना दुपारी."

"मी अजून ठरवलं नाई. नागपूरचाबी इचार करून राह्यली."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. गोपाल त्यांच्याकडं वळला. "पाहा बाप्पा! घरचं दुकान सोडून हे नागपूरले काचेच्या नळ्यात पानी ओताले चालली." चौघं हसले. त्यांतला एक तर नुसता काका हसला म्हणून हसला.

निकितानं त्यांच्याकडं पाठ केली. तिची नजर भिंतीवर गेली. धर्मपालच्या डिग्रीची चौकट होती, आणि तिच्या शेजारी एक नवा खिळा ठोकलेला होता. चकचकीत. खाली फरशीवर चुन्याची पूड अजून पडलेली होती.

"हा खिया कायचा?"

"तुह्या डिग्रीचा," गोपाल अगदी प्रेमानं म्हणाला. "धर्मपाल नाव काढून घेतो म्हनते. चार वर्सं हातपाय जोडून थांबवतो त्याले. मंग घरचीच डिग्री. अन् तुले का करा लागते? लगन कर, पोट्टे सांभाय, कुठंबी जाय. डिग्री इथं राह्यली पायजे."

हे तो रागानं बोलला असता तर तिला इतकं लागलं नसतं. पण तो लाडानं बोलला. चार वर्षं ती ज्या किडी भिंगाखाली पाहणार होती, ज्या मातीचे नमुने तपासणार होती, ते सगळं या माणसानं आधीच एका खिळ्यावर टांगून ठेवलं होतं. तिला कुठं पाठवायचं हे त्यानं तिच्यासाठी ठरवलंच नव्हतं. त्यानं ते भिंतीसाठी ठरवलं होतं.

"फाइल द्या," ती म्हणाली.

"दुपारी."

"आत्ता द्या!"

"आवाज खाली. दुकान होय हे." आणि गोपालनं पुढच्या गिऱ्हाइकाला काय पाहिजे विचारलं.

ती स्टँडवर येऊन बसली. रडायचं नाही असं ठरवून बसली. समोरच्या टपरीवरून धर्मपाल उठून आला. पस्तिशीचा माणूस, खिशाला पेन, हातात प्लास्टिकची पिशवी. लहानपणापासून ती त्याला धर्मपालदादा म्हणत आली होती.

"गोपालभाऊच्या दुकानातून आली?" तो बाकाच्या टोकाला बसला. "कृषी वाईट नाई, निकिता. मले लय आवडलं होतं. पन मी शिकलो कायसाठी अन् झालो काय? चौकटीतला कागद."

"तुमी नाव काहून काढून राह्यले?"

धर्मपालनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुह्या बाबाची ते बाटली. त्याच दुकानातली व्हती."

"ते माहीत हाये सगळ्याइले. पन आत काय होतं ते काकालेबी माहीत नोतं."

"त्याले माहीत होतं," धर्मपाल म्हणाला. "मलेबी माहीत होतं."

निकिता त्याच्याकडं वळून बसली.

"दोन औषधं मिसळली व्हती. एक बिनपावतीचं, इकाची परवानगीच नोती त्याले. डॉक्टर इचारून राह्यला तवा गोपालभाऊनं मले तिथूनच फोन केला. म्हने, नाव भाईर पडलं तं जेलात तू जाशीन, परवाना तुह्या नावाचा हाये. मी फोन बंद करून ठेवला."

"किती दिवस?"

"तीन."

एसटी आली, माणसं चढली-उतरली, एसटी गेली. तीन दिवस रामराव दातखिळी बसून पडला होता, तिची माय वॉर्डाच्या फरशीवर बसून होती, आणि हे दोघं नाव तोंडात धरून बसले होते. अकरा दिवस काका दवाखान्यातून का हलला नाही ते तिला आता कळलं. तो भावाची राखण करत नव्हता. त्या नावाची राखण करत होता.

"नाव सांगा," ती म्हणाली. "दोन्ही नावं."

"आता जाऊ दे ना ते..."

"मंग सांगाले आले कायले?"

"मले सरकारी नोकरीची ऑर्डर येनार हाये. नाव मोकळं पायजे. अन् तू त्या चौकटीत फसू नोको, म्हनून."

"म्हंजे आताबी सोतासाठीच सांगून राह्यले तुमी!" निकिता ओरडली. टपरीवरची माणसं वळून पाहू लागली. तिला त्यांची पर्वा वाटली नाही. या माणसाच्या खिशाचं पेन काढून मोडून टाकावं असं तिला वाटलं. ती उठली आणि चार कोस पायीच घरी निघाली. काकाबरोबर यवतमाळला जायची वेळ टळली तरी तिनं मागं वळून पाहिलं नाही. दुपारभर तिचा मोबाइल वाजत राहिला.

घरी आली तेव्हा ऊन कललं होतं. रामराव गोठ्यापाशी डाव्या हातानं बैलापुढं चारा टाकत होता. उजवा हात त्यानं नेहमीसारखा खिशात घातला होता, म्हणजे थरथर दिसत नाही. वावरातून आलेली बेबीताई पाठीवरचा पंप उतरवत होती.

निकितानं सगळं एका दमात सांगितलं. खिळा, फोन, तीन दिवस. बेबीताई पंप टेकवून पायरीवर बसली. रामराव चारा टाकतच राहिला. शेवटची पेंढी टाकून झाल्यावर म्हणाला,

"मले माहीत होतं."

त्यानं हाताला चिकटलेला चारा झटकला.

"डोये बंद होते माहे. कान नाई. खाटीपाशी उभा राहूनच केला त्यानं फोन."

"अन् तुमी बोलले नाई?" बेबीताई उठून उभी राहिली. "तीन वर्सं? मी पोळ्याले त्याच्या पानात पयली पोयी वाढली! देवमानूस म्हनून त्याच्या पाया पडली! अन् त्याच्याच दुकानचं पानी पाठीवर घेऊन फिरून राह्यली मी!" तिनं पंपाला लाथ घातली. पंप लवंडला आणि तळातलं उरलेलं पाणी अंगणातल्या मातीत मुरलं.

"भाऊ होय तो. जेलात गेला असता. मांडीवर वाढवला मी त्याले."

"अन् मी?" निकिता म्हणाली. तिचा आवाज आता चढला नव्हता, पण रामरावनं मान खाली घातली. "मी दहावीत होती, बाबा. बाटली घेऊन पयत गेली मी. डॉक्टर म्हने, नाव पाह्य, पोरी. मी ते उन्हात धरून पाह्यली. पानी लावून पाह्यली. मले वाटे लिहेल हाये, मलेच वाचता येत नाई. तुमचा हात पाह्यला का मले आजबी तसंच वाटते. अन् तुमाले माहीत होतं!"

रामराव खाली सांडलेला चारा डाव्या हातानं गोळा करू लागला.

"मले नागपूरलेच जा लागते," निकिता म्हणाली. "बाटलीवर नाव नसन, सारे मुके होऊन बसतीन, तरी आत काय हाये ते मले सांगता आलं पायजे. त्या खियावर मी लटकत नाई."

चूल पेटली, भाकरी झाल्या, आणि रामराव न जेवता खाटेवर पडला.

शनिवारी सकाळी बेबीताई चहा घेऊन गेली तर खाट रिकामी. खुंटीवरचा पांढरा शर्ट नव्हता. निकितानं कपड्यांची पिशवी भरायला पेटी उघडली, तर कोपऱ्यात तीन वर्षं जपलेली ती रिकामी बाटलीही नव्हती. मायलेकींनी एकमेकींकडं पाहिलं आणि पिशवी घेऊन पहिल्या एसटीनं बाभुळगाव गाठलं.

दुकान उघडलं होतं आणि रामराव पायरीवर बसला होता. बाटली शेजारी ठेवलेली. उजवा हात खिशातून बाहेर काढून गुडघ्यावर ठेवलेला, सगळ्यांना दिसेल असा. हात थरथरत होता आणि त्याच्याबरोबर पांढरी बाहीही हलत होती. फवारणीचे दिवस, त्यात शनिवार. रोडवर गर्दी होती.

"काय रामराव, पायरीवर कायले बसले?" एका शेतकऱ्यानं विचारलं.

रामरावनं हात वर केला. "हा पाहा. याच दुकानची बाटली होय. नाव नोतं तिच्यावर. तुमी जे बाटली घ्यान तिच्यावर नाव हाये का पाहून घ्या."

शेतकरी थांबला, हाताकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं, आणि पायरी न चढता परत फिरला. त्याच्यामागचे दोघंही फिरले. चौथा आत गेला, पण घेतलेली बाटली डोळ्यांसमोर धरून वाचत बाहेर आला. तिच्यावर छापील नाव होतं, तरी तो ते दोनदा वाचून गेला.

गोपाल बाहेर आला. तोंड लाल झालेलं. "दादा, घरी चाल. घरात बोलू."

"घरात तीन वर्सं नाई बोललो."

"लोकं पाहून राह्यले!"

"पाहू दे ना."

"काय पायजे तुले? सांग, काय पायजे?"

"पोरीचे कागद."

गोपालनं एकदा निकिताकडं पाहिलं. त्या पाहण्यात काय नव्हतं ते विचारा. मग करगोट्याची किल्ली काढली, कपाट खडखडलं, आणि फाइल पायरीवर आपटली गेली. "घ्या! जा कुठं जाचं ते. घरची पोट्टी म्हनून करून राह्यलो होतो सारं."

रामरावनं फाइल डाव्या हातानं उचलली आणि लेकीला दिली. "पाह्य. टीसी, मार्कशीट, सारं हाये का?"

निकितानं एकेक कागद काढून पाहिला. "हाये."

"जाय मंग. साडेआठची कळंब सुटन. तिथून नागपूरची गाडी भेटते."

"तुमी उठा ना, बाबा. माय अन् तुमी स्टँडवर या."

"तू जाय."

तिला वाटलं होतं की आता तिचा राग उतरेल. तो उतरला नाही. तीन वर्षं हा हात खिशात का होता, असं तिला त्याला पुन्हा विचारावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी तो हात धरावासाही वाटत होता. तिनं दोन्हींतलं एकही केलं नाही. वाकून पाया पडली. बेबीताईनं फडक्यातली भाकर तिच्या पिशवीत कोंबली आणि स्वतः पायरीवर नवऱ्याशेजारी जाऊन बसली.

"आता उठा ना," गोपालचा आवाज बारीक झाला होता. "देले ना कागद?"

"ते पोरीचे होते," रामराव म्हणाला. "माह्यं बाकी हाये." त्यानं रिकामी बाटली उचलली आणि थरथरत्या हातानं भावापुढं धरली. "याच्यात काय होतं, गोपाल? इथं सांग. सगळ्याइच्या पुढं."

निकिता वळली आणि स्टँडकडं चालू लागली. कळंबची गाडी लागलेलीच होती. तिनं खिडकीची जागा धरली, फाइल छातीशी घेतली. गाडी रोडवर आली आणि दुकानासमोरून गेली तेव्हा पायरीपुढं पंधरा-वीस माणसं जमली होती, काहींच्या हातात बाटल्या होत्या, आणि ती माणसंही थांबली होती. रामरावचा हात अजून वरच होता. गोपाल दारात उभा होता आणि त्यानं अजून नाव सांगितलेलं नव्हतं.